गिअरच्या दांडीवरचा हात

शनिवार, मे १९९९, रात्र

सांडोरची केळी भरलेला ट्रक चिंचोटीच्या चढावर बंद पडला. गिअरच पडेना. शेवटी टोचन लावून ओढत गॅरेजला आणला. सावंत मिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडला. ऑइल व्यवस्थित, क्लचही ठीक, पण आतला गिअर सरकवणारा फोर्क झिजून पातळ झालेला.

"गिअर टाकल्यावर हात दांडीवरच ठेवतोस ना? त्या भारानेच हा झिजतो. हात स्टेअरिंगवर पाहिजे."

ठेवतो. बाबांनीच शिकवलं. "दांडीवर हात असला की गाडीचा जीव कळतो." जन्मभर त्यांनी तशीच गाडी चालवली. नजर गेल्यापासून घरीच असतात, पण हाताखाली काहीतरी लागतंच. आता काठीची मूठ असते.

गाडीशिवाय घरात पाऊल टाकलं तोच म्हणाले, "काय गेलं रे?"

"ऑइल गळून गेलं होतं, बाबा."

का बोललो असं? खरं सांगून तरी काय होणार होतं?

"कालच तर मी शेजारी उभा असताना भरलंस. मिस्त्री दांडीचं काही बोलला?"

"नाही."

बाबा जेवून उठले, आणि काठी तिथेच ठेवून भिंत चाचपत आत गेले.