अर्ध्या जखमेचा खटला

३ फेब्रुवारी

लाल दिव्याने म्हणे जखम भरते! तीस वर्षं भोंदूंविरुद्ध घसा फोडला तो हे ऐकायला?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले. टाके निघाले, पण साखरेमुळे जखम तोंड मिटायला तयार नाही. "मालकिणीवर गेलीय," — इति नवरा. सर्जन म्हणाले, "कमी शक्तीचा लेझर देऊन बघू. चमत्कार नाही, मदत होते."

आणि २३ला माझी सभा — खोट्या उपचारांविरुद्ध! यादीत लेझर मीच घातलाय. पत्रकंही वाटून झालीत.

४ फेब्रुवारी

तोड काढली! जखम वीतभर. खालच्या अर्ध्यावर लेझर, वरचा अर्धा कोरा. पुरावा माझ्याच गुडघ्यावर!

लेझरवाली ताई म्हणाली, "मावशी, ही जखम आहे की निवडणूक?" सर्जननी कपाळाला हात लावला. "दोन आठवडे. त्यानंतर तुमचं काही ऐकणार नाही."

दोघींनी काळे चष्मे चढवले. पाच मिनिटं. ना चटका, ना ऊब. हिने बटण तरी दाबलं का?

७ फेब्रुवारी

दोन्ही अर्धे सारखेच. हा!

१२ फेब्रुवारी

घात झाला. खालच्या कडा गुलाबी, जवळ आलेल्या. वरचा भाग ओलाच.

"तोफेत पाणी गेलं का गं?" — नवरा.

खोटं तर बोलणार नाही. मग नवं भाषण लिहायला घेतलं — लेझरच्या बाजूने. तेही घणाघाती जमलं! वाचून माझीच मला भीती वाटली.

१८ फेब्रुवारी

ताईने वरची पट्टी निरखली. कडा उचकटलेल्या, मळलेल्या.

"ही कोण उघडतं?"

नवरा फितूर झाला. "दिवसातून पाच वेळा. भिंग घेऊन!"

"आणि खालची?"

"तिला शिवतही नाही. ती शत्रुपक्षाची."

ताई हसून हसून खुर्चीत कोसळली. मग डोळे पुसत म्हणाली, "अहो मावशी, सारखी उघडल्यावर जखम भरेल कशी? यात ना लेझर जिंकला, ना तुम्ही."

लेझर आता अख्ख्या जखमेवर. भिंग ताईने जप्त केलं.

२२ फेब्रुवारी

दोन्ही भाषणं फाडली. उद्या बोलायचं काय?

२३ फेब्रुवारी

काठी टेकत व्यासपीठावर चढले. म्हणाले, "लेझरचं मला माहीत नाही," आणि गुडघ्याची सगळी फजिती सांगून टाकली. दहा मिनिटांत खाली बसले. टाळ्या तुरळक.

मग एक जण उठला. "बाई, मग खरं-खोटं ठरवायचं कसं?" त्याच्यामागे दुसरी. माइकपाशी रांग लागली.

तीस वर्षांत माझ्या सभेत कुणी प्रश्न विचारला नव्हता.