हजेरी बरोब्बर पाच

१० जानेवारी, शनिवार
नव्या वर्षाचा पहिला वर्ग. हजेरी पाच. चार नाही, सहा नाही, बरोब्बर पाच. वाडीचं सभागृह सांभाळणाऱ्या बाईंनी ठणकावलंय की हजेरी पाचाखाली गेली तर खोली कराओकेवाल्यांना. खुशाल वाट बघा म्हणावं! चार वर्षं या जपानी वाडीत फुकट इंग्रजी शिकवतोय, माझे पाच कधी चुकले नाहीत. शिवाय दर शनिवारी चेहरे वेगळे. कीर्ती पसरते आहे.
संकल्प: मार्चअखेर पंधरा विद्यार्थी.

१७ जानेवारी
हजेरी पाच. आज आमच्या वाडीचे प्रमुख मोतेगी-सान आले होते. वर्गात जपानी बोलायचं नाही हा माझा नियम त्यांनी इतका पाळला की दोन तास तोंडच उघडलं नाही.
घरी चिझुएला सांगितलं. बायको म्हणाली, अहो, चार जपानी अक्षरं तुम्हीही शिका की. मी म्हटलं, कंपनीत अठरा आणि निवृत्तीनंतर चार, बावीस वर्षं नुसतं बोलून भागलं. आता मी शिकवणार, शिकणार नाही.

२४ जानेवारी
गुडघाभर बर्फ. तरी पाच! सहा नंबरच्या घरातल्या कुवाबारा आजी, वय ऐंशी, कमरेला पट्टा बांधून आल्या. याला म्हणतात ज्ञानाची ओढ. सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. तास संपत आल्याचं वाईट वाटत असणार.
पंधराचा संकल्प तूर्त दहावर.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी
चिझुए आठवडाभर माहेरी. शेजारीण वाडीची फिरती फाइल देऊन गेली. एरवी चिझुए ती वाचते, शिक्का मारते आणि पुढच्या घरी पोचवते. मला हात लावू देत नाही. आज उघडली. आकडे तेवढे कळले, बाकी सगळं मुंग्यांचं वारूळ.
पण डोकं चाललं! उद्या वर्गात हीच फाइल इंग्रजीत सांगायला लावायची. रोजच्या जीवनातलं इंग्रजी. असं कुणाला सुचलं असतं?

१४ फेब्रुवारी
फाइल टेबलावर ठेवली तर पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. मोतेगी-सान म्हणाले (जपानीत! सरळ नियम मोडून!) की सेन्सेई (म्हणजे गुरुजी, म्हणजे मी), आज आपण रंगांची नावं घेऊ या ना. मी म्हटलं, लाजताय काय, बोला, चुकलात तर मी आहे.
शेवटी कुवाबारा आजी उठल्या. इंग्रजीत सांगितलं की कचऱ्यावर जाळी टाकणे, घर दोन. बर्फ काढणे, घर नऊ. इंग्रजीच्या वर्गाला बसणे, घर एक, चार, सहा, दहा, अकरा. आणि म्हणाल्या, आज आमची पाळी आहे.
एकही चूक नाही. मी टाळ्या वाजवल्या. मी एकट्यानेच.

१५ फेब्रुवारी, सकाळी
नीट विचार केला. इतकी मागणी आहे की पाळ्या लावाव्या लागतात. दुसरा अर्थच निघत नाही.

दुपारी
चिझुएला फोन केला. दुसरा अर्थ निघतो.
वर्ग सुरू केला त्या हिवाळ्यात पाच शनिवार मी स्टोव्ह पेटवून एकटाच बसलो होतो. सभागृहाची खिडकी रस्त्यावर. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं. म्हणाली, कुणाला बघवेना हो. मग मोतेगी-साननी फाइलमध्ये बर्फ काढण्याच्या खाली इंग्रजीची एक ओळ वाढवली. मी म्हटलं, ते पाच शनिवार मी धड्यांची तयारी करत होतो.
फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

१६ फेब्रुवारी
जेवलो. रडत बसणाऱ्यातला मी नाही. दया नको मला कुणाची! मार्चमधल्या वाडीच्या सभेत उभा राहून सांगणार.

२८ मार्च
सांगितलं! चिझुएकडून भाषण घोकून घेतलं होतं. म्हणालो, इंग्रजीची पाळी आजपासून बंद. ज्याला मनापासून शिकायचंय त्यानेच यावं. नाही आलं कुणी तरी माझं काही अडत नाही.
टाळ्या थांबेनात. कुवाबारा आजी तीनदा कमरेत वाकल्या, तेही पट्ट्यासकट. मोतेगी-साननी डोळे पुसले. एवढा आदर या वाडीत आजवर कुणाला मिळाला नसेल. आता खरे विद्यार्थी येणार. वीस खुर्च्या मांडायच्या.

४ एप्रिल
वीस खुर्च्या. नऊ ते अकरा. हजेरी शून्य. साकुराचा बहर बघायला गेले असणार.
साडेनऊला खिडकीचा पडदा ओढून घेतला. उगाच कुणाला दिसायला नको. अकराला सभागृहाच्या बाई आल्या. पुढच्या शनिवारपासून कराओके.

१० एप्रिल
फाइल आली. चिझुएने वाचून दाखवली. इंग्रजीची ओळ गेली. गटार उपसणं यंदा रविवारी नाही, शनिवारी नऊला, सर्व घरं. तिने विचारलं तर मोतेगी-सान म्हणाले, शनिवारी आता सेन्सेईही मोकळे असतात ना.
शिक्का मीच मारला. उलटा पडला.

११ एप्रिल
पावणेनऊलाच सगळी वाडी गमबूट घालून हजर. माझ्या वर्गाला वेळेआधी कधी कुणी आलं नाही.
कुवाबारा आजींनी माझ्या हातात फावडं दिलं आणि इंग्रजीत सांगितलं, इथे नाही, तिथे. मी खणलं. त्या म्हणाल्या, आणखी खोल. मी जपानीत काहीतरी कुरकुरलो तर मोतेगी-साननी बोट हलवलं. सेन्सेईंशी जपानी बोलायचं नाही, नियम आहे. मग दोन तास सगळे मला इंग्रजीतच कामाला लावत होते. कंबर धरली. आजींनी आपला पट्टा काढून दिला.
वहीत नोंद केली आहे. वर्ग: शनिवारचा. ठिकाण: गटार. विषय: दिशा आणि खोली. हजेरी: चौदापैकी चौदा घरं. विक्रम.