तिफणीचं नाव

सर, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. लिहायचं तर तिफणीबद्दल लिहावं लागलं असतं.

उमरग्याच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला कॉम्प्युटर शिकवायचात आणि शनिवारी दुपारी, लॅब रिकामी झाली की, हायवेवरच्या एका दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहीत बसायचात. तिथं निम्मे पेशंट कर्नाटकातून यायचे आणि औषधाची मराठी चिठ्ठी त्यांना वाचता यायची नाही. म्हणून तुम्ही एक फ्रेमवर्क रचलंत. मजकूर एकदाच भरायचा, की चिठ्ठी मराठी, कन्नड आणि हिंदी, तिन्ही भाषांत तयार. "चाड्यात मूठ एकच, बी मात्र तिन्ही नळ्यांतून पडतंय बघ," म्हणालात आणि पेरणीच्या तीन नळ्यांच्या अवजारावरून नाव ठेवलंत तिफण. मी शेतकऱ्याची पोरगी, मला हसू आलं होतं.

अजून डोळ्यासमोर आहे: मी सेकंड इयरला आहे. तुम्ही मला कन्नडची फाईल नीट लावायला दिली आहे आणि माझ्या हातून 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' यांची अदलाबदल होते. एक म्हातारी चार दिवस उपाशीपोटी गोळ्या घेते आणि पोट धरून परत येते. "कन्नड येत न्हाय, ठीक हाय. पण विचारायला काय झालं होतं गं तुला?" एवढंच तुम्ही बोलता. मग मला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेता. डॉक्टर चिडलेले असतात. "चूक माझी हाय. पोरीनं माझ्या सांगण्यावरून केलं," तुम्ही त्यांना म्हणता आणि त्या म्हातारीसमोर हात जोडता. मी दाराशी उभी असते.

पुण्याला नोकरी लागली तेव्हा तुम्ही अख्खी तिफण पेनड्राईव्हवर घालून दिलीत. "ने. इथं पडून काय करायचंय? वाढव तिला." मी वाढवली, सर. आधी भाषा वाढवल्या, मग छपाईच्या जागी मोबाईल आणला. पुढं सगळा सांगाडा नव्यानं लिहिला, तेव्हा तुमच्या ओळी थोड्याच उरल्या. कंपनीनं ती जगासाठी खुली करायचं ठरवलं. साहेब म्हणाले, नाव फार गावठी वाटतंय, बाहेरच्यांना उच्चारता यायचं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं होतं. नवं इंग्रजी नाव मी सुचवलं. पहिल्या फाईलच्या डोक्यावर तुमचं नाव आणि 'उमरगा' अशी एक ओळ होती. ती काढायला मला कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढं एका मोठ्या कार्यक्रमात मला स्टेजवर विचारलं, हे सुरू कसं झालं? मी म्हटलं, "कॉलेजात असतानाच मी यावर काम करायला लागले." यात एक शब्दही खोटा नव्हता. तसं बोलायचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

तुम्ही तो व्हिडिओ बघितलात आणि फोन केलात. "लई मोठं केलंस गं! म्या चालवून बघितलं. कन्नड आता एकदम नीट झालंय." नावाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. तुम्ही आणखी काही बोलणार होतात, पण मी मध्येच म्हटलं, "सर, मीटिंग आहे, नंतर करते." मीटिंग नव्हती. नंतर फोनही केला नाही. चार महिन्यांनी तुम्ही गेल्याचं कळलं, तेव्हाही मी उमरग्याला आले नाही. रजा मागितलीच नव्हती.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. घर आवरायला काढलंय. "ह्यांचा जुना कॉम्प्युटर हाय बघ, भंगारवाला दारात उभाय. तुझ्या कामाचं काही असंल का गं त्यात?" पेनड्राईव्ह केव्हाच बंद पडला होता; तुमच्या नावाच्या ओळीसकट तिफणीची पहिली प्रत आता फक्त त्या कॉम्प्युटरात उरली होती, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "न्हाय काकू. देऊन टाका."

हे लिहून काकूंना पाठवावं असं मनात होतं. पण पाठवणार नाही, कारण मग त्यांना 'देऊन टाका' का म्हटलं, तेही खरं सांगावं लागेल. फोन ठेवल्यावर मला आधी हायसं वाटलं, सर. लाज नंतर वाटली.