सातव्या दिव्यापाशी

प्रॉव्हिडन्स, ३ ऑक्टोबर १९४८

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि. तुम्ही पाठवलेली अंजिरं पोचली. बोगद्यातली ट्राम बंद झाली. रूळ उखडून डांबर घातलं आणि यांना बस दिली. म्हणतात, पंचवीस वर्षं गाडी आपली आपण वळायची, आता म्हातारपणी चाक धरायला लावलंय.

काल मी त्यांच्या बसमध्ये होते. बोगदा खणताना मामंजींच्या अंगावर दरड कोसळली, त्या सातव्या दिव्यापाशी यांनी सवयीनं एका हातानं टोपी काढली, दुसऱ्यानं क्रुसाची खूण केली. ट्राममध्ये ते चालायचं. बस भिंतीकडे सरकली. मी किंचाळले. हे हसून म्हणाले, बाबांना ओळख न देता जाऊ का?

आहे तशी माया राहू द्या.
आपली,
सौ. एर्सिलिया

फॉल रिव्हर, ७ ऑक्टोबर

सौ. एर्सिलियास अनेक आशीर्वाद.
त्या गाढवाला सांग, बाबांनी टोपी काढायला शिकवलं, मरायला नाही. एत्तोरे ऐकायचा नाही, लहानपणापासून असाच. म्हणून तू रोज पहिल्या फेरीला त्याच्या मागे बस आणि त्याच्या वतीनं खूण कर. दिवसातून एकदा झाली की पुरे. बाबांना चालेल, मी त्यांची थोरली आहे. पण एकही दिवस चुकवू नकोस.

तुझी,
अस्सुंता

प्रॉव्हिडन्स, ३१ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि. रोज जाते. बाकीचे ड्रायव्हर चिडवतात की एत्तोरेनं घरचीच कंडक्टर आणली. हे कुरकुरतात, पण चाक सोडत नाहीत. फक्त दिवा जवळ आला की त्यांची बोटं सैल पडतात. ते मला आवडत नाही.

लोभ आहेच, तो वाढावा.
सौ. एर्सिलिया

प्रॉव्हिडन्स, २२ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,
नमस्कार. तुम्ही अंत्यविधीला आलात, पण माझ्याशी बोलला नाहीत. म्हणून लिहिते.

त्या गुरुवारी मला ताप होता. मी उठत होते. हे म्हणाले, झोप गं, आज बाबांना मीच सांगतो. त्याचा अर्थ मला कळला होता. अंगावर दोन पांघरुणं होती आणि ऊब होती. मी नको म्हणाले नाही.

पहिलीच फेरी. भिंत त्यांच्याच बाजूला होती. प्रवाशांना खरचटलं तेवढंच. टोपी मांडीवर नीट ठेवलेली होती, असं सांगतात.

ती टोपी तुमच्याकडे पाठवू का? माया उरली असेल तर दोन ओळी लिहा.

एर्सिलिया