मस्तकावरील चुंबक आणि उजवा अंगठा

माझे बालमित्र श्री. सावांग यांस,

अम्फवाहून प्रयून याचा सप्रेम नमस्कार. आपला गुडघा व आपला झुंजीचा कोंबडा, दोन्ही धडधाकट असतील अशी आशा बाळगतो.

मजविषयी म्हणाल, तर पक्षाघाताने उजवा हात लुळा पडल्याचे आपण जाणताच. गुरुपूजनाच्या दिवशी रनात या आपल्या वाद्याच्या लाकडी पट्ट्यांवर पहिला आघात मी करावयाचा, ही जुनी वहिवाट. यंदा तो मान माझा मेहुणा बुनलोम यास द्यावा, असे शिष्यमंडळी कुजबुजू लागली आहेत. (बुनलोम वाजवितो, तेव्हा कोणी नारळ फोडीत आहे असे वाटते.) मी हयात असता हे घडणे नाही. सबब इस्पितळ गाठले.

तेथील डॉक्टरीणबाई, वयाने नातीएवढ्या, म्हणाल्या, "आजोबा, हात ठीक आहे हो. मेंदूतल्या मज्जापेशी गप्प बसल्यात. चुंबकाच्या लहरींनी त्यांना जागं करू." मी चौथी उत्तीर्ण असल्याने मुद्दा तत्काळ ध्यानी आला. अडचण निराळीच होती. ते चुंबक मस्तकावर टेकवावयाचे! माझ्या मस्तकास न्हावीदेखील हात जोडून, क्षमा मागून मगच स्पर्श करतो. मी तसे बजावले. बाईंनी निमूटपणे क्षमा मागितली व खटका दाबला. टक् असा आवाज झाला आणि माझा अंगठा, मजला न विचारता, टुणकन उडाला! (प्रत्येक ठोक्यापूर्वी क्षमा मागावी, असा माझा आग्रह होता; ठोके शेकड्यांनी असतात हे कळल्यावर तो मी उदारपणे मागे घेतला.)

पत्नी लामाय शेजारीच उभी होती. म्हणाली, "अगबाई! जन्मभर मी कानीकपाळी ओरडतेय, तर हे जागचे हलत नाहीत. आणि तुमच्या एका टकटकीत अंगठा नाचतोय! हे यंत्र घरी न्यायला मिळतं का हो?" 

असो. उपचार पूर्ण करीन व पहिला आघात उजव्या हातानेच करीन. निश्चय अढळ आहे.

आपला,
प्रयून

ता. क. – डोक्यात धातू असल्यास हे यंत्र चालवीत नाहीत. बाईंनी तसे विचारलेही होते. परंतु लामाय ऐकत असल्याने मी ठामपणे "नाही" म्हणालो. मुलींचे मन वळावे म्हणून आपण दोघांनी तरुणपणी भुवईवर, त्वचेखाली मंतरलेली सोन्याची सुई बसवून घेतली होती, हे आपणांस स्मरत असेलच. लामाय आजही चारचौघांत सांगते, की ती माझ्या वादनावर भाळली. तूर्त "दिवस शुभ नाही" असे सांगून पुढील उपचार थांबविला आहे.

पुन्हा ता. क. – सुई अजून आहे का, हे पाहण्यास येथे क्ष-किरण छायाचित्र काढले, तर ते लामाय पाहील. आपल्या सुया एकाच बैठकीत, एकाच भिक्षूने बसविल्या होत्या. तरी आपण आपले मस्तक तातडीने तपासून घ्यावे. आपली सुई जागेवर असेल, तर माझीही असणार. मग बाईंना मी स्वतः खरे सांगेन. तथापि आपण आजन्म अविवाहित राहिलात, यावरून ती केव्हाच गळून पडली असावी, अशी मला फार आशा आहे.