म्हातारा ताड चढण्यापूर्वी

मी राघो केसरीनाथ तरे, वय एकवीस, राहणार ताडपाडा, तालुका भिवंडी, बी.ए. दुसऱ्या वर्षातून उठलेला, पूर्ण शुद्धीत हे लिहितो. ताडी घेतलेली नाही. उद्या सकाळी मी गावचा म्हातारा ताड चढणार आहे. बारा वर्षांत त्यावर कोणी गेलेले नाही. खाली आलो नाही तर पुढीलप्रमाणे व्हावे.

१. आधी कारण. आमच्याकडे चढण्यापूर्वी बुंध्याशी हाळी देतात, म्हणजे अंगणांतल्या बायका सावरून बसतात. सोमवारी मी हाळी द्यायला विसरलो. वर गेलो तर हिरामणकाकांच्या अंगणात त्यांची मुलगी कमळा न्हाऊन केस सुकवत होती. नजर वळवायला हवी होती, वळवली नाही. काकांनी चार माणसांत विचारले, "कॉलेज सोरलास, आता लाज पन सोरलीस काय रं?" माझे डोके तापले. म्हणालो, "म्हाताऱ्या ताडावर गावदेवीच्या नावाचं मडकं बांधून येतो, मग तर माफ?" ते म्हणाले, "चढ." शब्द मागे घेणार नाही.

२. कोयती व सात मडकी चुलतभाऊ मोरू यास. दोर त्याने नवा घ्यावा.

३. माझी दोनशे पानी वही गावच्या शाळेस. तीत आमच्या प्रत्येक ताडाचे नाव आहे, आणि कुणाची ताडी कशी लागते तेही. खाडीलगतच्या खाऱ्या मातीतली गोड, मागून जिभेवर किंचित मीठ. वरच्या माळाच्या वरकस जमिनीतली फिकी. ठकुबाईआजी सांगते, तिच्या सासूच्या काळी मिठाचे मचवे म्हाताऱ्या ताडाला बांधत. खाडी आज तिथून दोन शेते लांब, म्हणून मी गप्पा समजत होतो. पण सोमवारी वरून पाहिले, वाळलेल्या खाचरांतून एक हिरवे वळण थेट त्या ताडापाशी येते. पाणी कधीच गेले, वाट अजून ओली आहे. एवढे सगळे पायाखाली असताना मी इतिहास शिकायला एस.टी.ने जात होतो.

४. कॉलेजातल्या सरांस काही नाही. "तुमचं गाव म्हणजे पिणाऱ्यांचं गाव," असे ते भर वर्गात म्हणाले आणि मी बाक आपटून निघालो. त्यांना वहीचे पहिले पान वाचून दाखवावे. उभे करून.

५. आय सीताबाईने हिरामणकाकांना शिव्या देऊ नयेत. पैज माझी होती.

६. कमळेस देण्याजोगे माझ्याकडे काही नाही. वहीची शेवटची चार पाने तिची. शाळेत देण्याआधी ती फाडून घ्यावीत, मास्तरांनी वाचू नयेत.

हे कोणाच्या दबावाखाली नाही, स्वतःच्या हट्टाने लिहिले.

ताडपाडा, १६ फेब्रुवारी १९७४
राघो केसरीनाथ तरे

साक्षीदार:
१) बाळाराम हिरामण भोईर
२) कमळा हिरामण भोईर. भावाने कागद घरी आणला, म्हणून सही करते. बघितलंस मला, माफी मागतोस बापाकडं नि ताडाकडं. मला कोन इचारनार? चढायच्या आधी आमच्या अंगणात ये.