फोटोत न दिसलेले हात

नागपूर, जानेवारी १९३४

अम्माले हबीबचा सलाम. मी इथं खुशाल आहो, कारंज्यात तू अन् बहीण मेहरबी दोघी खुशाल असाव्या एवढीच दुवा करतो.

मेहरबीनं तुह्या सांगण्यावरून लिहिलेलं पत्र भेटलं. माहा फोटो पाहून साऱ्या मोहल्ल्यानं कोटाची तारीफ केली, अन् तू एकलीनं विचारलं, पोरानं हात पाठीमागं काहून धरले?

अम्मा, कोट फोटोवाल्याचा होता. मी दुकानात मुनशी आहो असं लिहिलं, ते खोटं. मी निळीच्या हौदात सूत रंगवतो. अब्बाचं काम माह्या वाट्याले येऊ नये म्हणून तू मले शाळेत घातलं, म्हणून सांगाची हिंमत झाली नाही. हात चिंचेनं घासले, राखेनं घासले, पण रंग निघत नाही.

काम बरं आहे, पोटभर जेवतो. तुहा खोकला थांबला काय? मेहरबी लपवते असं वाटते.

खाली सहीच्या जागी ओल्या निळीचा माहा पंजा उमटवला आहे. आपल्या दाराच्या चौकटीवर अब्बाच्या हाताचा निळा डाग अजून असंन. कागद त्याच्याजवळ धरून पाह्यजो, अन् जुळते काय ते कळवजो.

तुहाच,
हबीब